वाफसा सांगणारी डबी



मागच्या आठवड्यात उसाचा फोटो टाकला, तर निम्म्या लोकांनी ऊस बघितलाच नाही. कडेची पांढरी डबी काय आहे तेच विचारलं. लाईट फिटिंगला लावतात तो साधा प्लॅस्टिकचा बॉक्स आहे. आत ईएसपी ३२ नावाचा बोर्ड, आणि डबीतून निघालेली वायर जमिनीत गाडलेल्या ओलाव्याच्या सेन्सरला गेलीय. मी बसवलीय, दहावी पास माणसानं.

आधी तिच्या थोरल्या भावाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी एका कंपनीचं तयार यंत्र घेतलं होतं. दोन वर्षं चांगलं चाललं, खोटं बोलणार नाही. तिसऱ्या वर्षी ॲप उघडेना, फोन लावला तर नंबर बंद. यंत्र धडधाकट होतं, पण आकडा आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जायचा आणि तिथनं माझ्या मोबाईलवर यायचा. मधलं दारच लागलं. उघडून बघावं तर आत सगळं डिंकासारखं काहीतरी ओतून पक्कं केलेलं. आता त्यात कुंभारीण माशीनं घर केलंय.

एवढा खटाटोप कशाला, असं काही जण म्हणतील. घोडकाठची आमची काळी जमीन. वर भेगा दिसतात म्हणून माणूस पाणी सोडतो, आणि खाली वीतभर उकरलं तर चिखल. असं वर्षानुवर्षं पाणी देऊन माझा खालच्या अंगाचा वीस गुंठ्यांचा तुकडा पांढरा पडलाय, तिथं ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. त्यात थ्री फेज लाईट रात्रीची, आणि बिबट्याचं तर शिरूर तालुक्यात कुणाला सांगायलाच नको. आज पाणी द्यायचं का नाही हे संध्याकाळीच कळलं तर रात्रीचा एक फेरा वाचतो. (पाण्याचं वेड आमच्या गावाला जुनंच. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इथं उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांहून जुना पाट सापडलाय.)

तर भाचा. आपल्याच तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली रीत. २००२ साली तिथं फॅब लॅब झाली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरुवातीला ज्या फॅब लॅब निघाल्या त्यातली ती एक. भाचा तिथं वर्षभर होता. तो म्हणाला, मामा, विकत कशाला, आपण करू. बोर्ड आणि सेन्सर मिळून सहाशेच्या आसपास गेले.

हे सगळं ओपन सोर्स आहे असं तो म्हणाला. मला कळेना. मग त्यानं आपल्या भाषेत सांगितलं : हे सरळ वाणाचं बियाणं आहे. घरचं धरा, पेरा, शेजाऱ्याला द्या, कुणाला विचारायचं नाही. कंपनीचं यंत्र म्हणजे संकरित, दरवर्षी पिशवी विकतच घ्यायची. इटलीतल्या काही मास्तरांनी २००५ साली अर्डुइनो नावाचा बोर्ड असाच नकाशासकट सगळ्यांना खुला केला, तिथनं ही वाट रुळली म्हणे.

पण बियाणं घरचं असलं म्हणून पेरणी आपोआप होत नाही. पहिल्यांदा जोडलं तेव्हा टेबलावर आकडा बरोबर यायचा, वायफाय चालू केलं की गचाळ. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की या बोर्डाच्या काही पिना वायफाय चालू असताना असलं माप घेतच नाहीत. वायर २६ नंबरवर होती, ३४ वर टाकली, झालं. बोर्डावर मात्र याचा कुठं पत्ता नाही.

पुढं भाचा चाकणला नोकरीला लागला आणि मी मोबाईल बदलला. डबी जुन्याच मोबाईलचा हॉटस्पॉट शोधत बसली. पासवर्ड होता प्रोग्रॅमच्या आत, दीडशे ओळी इंग्रजीत. खुला असून मला तो कुलूपबंदच. महिनाभर डबी नुसती शोभेला.

मग त्यानं ईएसपीहोम टाकून दिलं. तेही फुकट आणि खुलंच. यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, यादी लिहायची : सेन्सर कोणता, कोणत्या पिनेवर, किती मिनिटांनी मोजायचं, नाव काय. माझी यादी पंचवीस ओळींची आहे. व्हिडिओ कॉलवर बघून नाव मी स्वतः बदललं, ‘खालचा ऊस’. आता डबी स्वतःचंच वायफाय सोडते. बांधावर उभं राहून मोबाईल जोडला की आकडा दिसतो, इंटरनेट लागत नाही. मधे एकदा ती दर पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायची. यादीतली ‘एपीआय’ची ओळ घरातल्या मोठ्या सिस्टिमला जोडायची वाट बघत होती. ती काढली, आणि वायफायखाली रीबूटची वेळ शून्य लिहिली. तुम्ही करणार असाल तर हे आधीच लिहून ठेवा.

आता खरं काम. आकडा येतो व्होल्टमध्ये. इंटरनेटवरचे लोक त्याचे टक्के करतात. बेचाळीस टक्के म्हणजे मी काय समजू? आपल्याला वाफसा कळतो. म्हणून पाणी दिल्यावर रोज सकाळी सेन्सरशेजारची वीतभर खोलीची माती मुठीत दाबून बघितली आणि आकडा वहीत लिहिला. चिखल होता तेव्हा १.३, गोळा होऊन हलक्या दाबानं फुटला तेव्हा १.६, गोळाच होईना तेव्हा १.९. ओलावा कमी तसा आकडा जास्त. भाच्याकडून तेवढंच यादीत घालून घेतलं. डबी आता ‘ओलं’, ‘वाफसा’, ‘ताण’ असे तीनच शब्द दाखवते. आमच्या घरच्यांनासुद्धा वाचता येतं. माझे आकडे मात्र उचलू नका, तुमची माती वेगळी.

दोन चुका माझ्या. सेन्सरच्या कडेतून पाणी आत शिरून पहिला मेला. दुसऱ्याच्या कडांना आणि वरच्या भागाला सूनबाईच्या नेलपॉलिशचे तीन हात दिले, तो टिकलाय. दुसरी चूक, काळ्या रानात भेग सेन्सरशेजारूनच गेली, मधे हवा शिरली आणि डबी खुशाल ‘ताण’ सांगत बसली. मी पाणी सोडलं. नको होतं. आता ‘ताण’ दिसला की खुरप्यानं उकरून बघतो, मगच मोटर.

पेजवर कृषी महाविद्यालयाची पोरं आणि काही साहेब लोकही आहेत म्हणून सांगतो. नवा सेन्सर काढण्याआधी एवढं करा : कोणती पीन चालते ते डबीवर मराठीत छापा, डाग देण्याऐवजी स्क्रूनं वायर आवळता येईल असं करा, आणि मातीच्या प्रकाराप्रमाणे तयार यादी द्या, हलकी, मध्यम, भारी. आम्ही त्यात फक्त आमचे तीन आकडे भरू.

माझी डबी वस्तीच्या पाठीमागं आहे म्हणून घरच्या मोबाईल चार्जरवर चालते. लांबच्या खोडव्यात बॅटरी आणि सोलर लागेल, ते अजून जमलेलं नाही. दिवाळीला भाचा येतोय, तेव्हा बसू.