चौघांची पत्रिका

गिटारचा आवाज लहरवणारी डबी विकत मिळते, हे आमच्या पिढीतल्या उज्जैनच्या मराठी पोरांना ठाऊक होतं. आपल्याला ती मिळणार नाही, हेही ठाऊक होतं. एमएक्सआरचा ‘फेज ९०’ फेजर अमेरिकेत १९७४ साली आला. आमच्यापर्यंत आली ती त्याच्या सर्किटच्या झेरॉक्सची झेरॉक्स, निम्म्या कंडेन्सरांचे आकडे पुसट झालेली.

आता उज्जैनच्या नानाखेड्यात घरबसल्या भाचा मोबाइलवर किट मागवतो. छापलेला बोर्ड, मोजून दिलेले पार्ट, भोकं पाडलेली डबी. चहा पिऊन बसतो, जेवणाआधी उठतो, आणि डबी पहिल्या झटक्यात वाजते. आम्हाला आनंद व्हायला हवा. होतोही, थोडासा.

आम्ही देवास गेटहून बस धरून इंदूर गाठायचो. तिथे नाही मिळालं तर पुण्याच्या आतेभावाला पत्र जायचं, बुधवार पेठेत बघ म्हणून. फेजरमध्ये आवाज चार टप्प्यांतून फिरून पुन्हा मूळ आवाजात मिसळतो. काही कंप्रता खोडल्या जातात आणि ती खोडलेली जागा वरखाली सरकत राहते. त्यासाठी चार एफईटी ट्रान्झिस्टर एकसारखे लागतात. मिळायचा बीएफडब्ल्यू१०, आणि एकाच पुडीतले दोन सख्खे भाऊही जुळायचे नाहीत. मग डझनभर घेऊन, बॅटरी नि मल्टिमीटर लावून, आकडे वहीत उतरवत पत्रिका जुळवायच्या. तिघांचं जमायचं, चौथा हटकून मंगळाचा निघायचा. त्यालाच घ्यायचो.

आता जुळवलेली चौकडी पाकिटात येते. वही लागत नाही, आणि वहीभोवती जमणारी पोरंही.

मग तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर ताईच्या नेलपॉलिशने रेषा काढायच्या, प्लॅस्टिकच्या तबकात फेरिक क्लोराइड ओतायचं आणि पाळीपाळीने ते हलवत बसायचं. उघडं तांबं हळूहळू विरघळायचं, गप्पा मात्र वाढत जायच्या. मोरीच्या फरशीवरचे पिवळे डाग कधीच गेले नाहीत आणि आईची बोलणीही. राळेचा धूर नाकात, ड्राय सोल्डर हाडामासात. एवढं करून डबी वाजली, तरी गिटारपेक्षा खरखरच जास्त. तिला आम्ही ‘आपला आवाज’ म्हणायचो. खरं तर खिशाला तेवढाच परवडत होता.

फुमिओ मिएदांनी रचलेल्या ‘युनि-व्हाइब’ या आवाज लहरवणाऱ्या डबीची नक्कल करण्यात मात्र मजा होती. मधोमध एक लुकलुकणारा दिवा, भोवती उजेडाने बदलणारे चार रेझिस्टन्स, म्हणजे एलडीआर. दिवा विझायला किंचित रेंगाळतो, म्हणून आवाज लंगडत चालतो. आम्ही सगळं बिस्किटाच्या डब्यात बसवायचो, आणि झाकण उघडलं की ट्यूबलाइटच्या उजेडात लंगडणं गायब. तरी झाकण उघडायचोच. दिव्याची धडधड बघायची असायची. आता तेच रेंगाळणं चिप गणित करून काढते. हुबेहूब काढते, उगाच नावं कशाला ठेवा.

पुढच्या ‘फेज ९०’मधला एक रेझिस्टन्स काढला की आवाज जुन्या मॉडेलसारखा मऊ होतो, हे गुपित आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ‘फेज ९५’वर आता त्यासाठी चक्क बटण आहे.

परवा भाच्याने बाजारातला एक तयार पेडल उघडून समोर ठेवला. “मामा, यात काही बदलता येईल?” आम्ही चष्मा पुसला, आयर्न तापवलं. त्याच्या टोकाखाली तीन रेझिस्टन्स एकदमच येत होते.