समुद्र तांबडा झाला तर?

यूएईतल्या फुजैरात बारमाही नदी नाही. मागे हजरचे उघडेबोडके डोंगर, पुढे ओमानचं आखात. प्यायचं पाणी मुख्यतः समुद्राचंच गोडं करून घ्यायचं. २००८-०९ साली या किनाऱ्यावर सूक्ष्म शैवाल इतकं माजलं की पाणी तांबडं दिसू लागलं आणि काही आरओ प्रकल्प बंद ठेवावे लागले.

प्रोसेस इंजिनिअर निवडायला बसलो की मी हाच प्रसंग समोर ठेवतो. ‘पहाटेची पाळी आहे, समुद्र तांबडा झालाय, फिल्टरवरचा दाब चढतोय. काय कराल?’

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, क्लोरीन वाढवू. पण क्लोरीननं शैवालाच्या पेशी फुटतात, आतला चिकट मळ पाण्यात उतरतो आणि मेम्ब्रेन अधिकच चोंदतात. मी लगेच खोडत नाही. ‘बरं, मग पुढे?’ एवढंच म्हणतो. कुणी बोलता बोलता अडखळतो आणि आपणहून मागे फिरतो. कुणी मलाच विचारतो: टाक्यांत किती तासांचं पाणी आहे? इथल्याच किडफ्याच्या पहिल्या प्रकल्पासारखी उष्णतेवर चालणारी युनिटंही जोडीला आहेत का? कळवायचं कुणाला? अशा माणसाच्या हाती रात्रपाळी सोपवावीशी वाटते. सूत्रं येतात का, हे तर दोन मिनिटांत कळतं.

मात्र अशा मोकळ्या प्रश्नात बोलका माणूस सहज तरून जातो, याची मला फार काळजी वाटते. लोटे-परशुरामच्या कारखान्यात पाळ्या काढलेल्या मुलाला पंप आवाजावरून ओळखता येतो, पण इंग्रजी वाक्य जुळवताना तो घामाघूम होतो. म्हणून कागद-पेन्सिल देतो. हिंदीत बोला, मराठीत बोला, आकृती काढा, वेळ घ्या. प्रश्न सगळ्यांना एकच. उत्तरात काय शोधायचं तेही आधीच लिहून ठेवलेलं, आणि आपापसांत बोलण्याआधी प्रत्येक परीक्षकानं आपण दिलेले गुण मांडायचे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांच्या १९९८च्या आढाव्यातही आखीव मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज मोघम गप्पांपेक्षा चांगला बांधता येतो, असंच दिसलं होतं.

यात वेळ जातो, अशी सहकाऱ्यांची तक्रार असते. जाऊ दे. समोरचा व्हिजिट व्हिसावर, कदाचित उसनवारी करून आलेला असतो. निघताना त्याला मी त्या प्रश्नामागची खरी हकीकतही सांगतो. निवड होवो न होवो, ती त्याच्या कामाची आहे.