पिशव्या कोण सांभाळणार?

कशेळ्यात मुक्काम आणि खालापुरात कल्ला! अख्ख्या खानदानाला घेऊन इमॅजिकाला निघालात? मग राइड्सची यादी नंतर करा, आधी माणसांची करा.

प्रत्येक फॅमिलीत एक व्यक्ती असते. पिकनिकच्या अर्ध्या फोटोंत ती नसतेच, आणि उरलेल्या अर्ध्या फोटोंत तिच्या खांद्याला चार पिशव्या लटकलेल्या असतात. 'जा रे तुम्ही, मी आहे इथे' हा तिचा पेटंट डायलॉग. चौपाटीवर ती चपलांपाशी बसते, धबधब्यावर टॉवेलांपाशी आणि जत्रेत पाळण्याखाली. तुमच्याकडे ती आई असेल, मावशी असेल. आमच्याकडे आत्या आहे.

शाळेत असताना आम्ही सगळे गोराईच्या बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. 1989 मध्ये सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद झालं, पण त्या दिवसाचा अल्बम घरी आहे. प्रत्येक पाळण्यात आम्ही भावंडं दात काढून हसतोय. आत्या कुठेच नाही. ती दिवसभर झाडाखाली बसून आमचे डबे सांभाळत होती.

तीच आत्या आज त्रेसष्ट वर्षांची आहे आणि कर्जत तालुक्यातल्या कशेळ्यात राहते. शेजारच्या खालापूर तालुक्यात इमॅजिका उभं राहिलं त्याला दशक उलटून गेलं. दर शनिवारी मुंबईच्या गाड्या फार्महाऊसकडे धावताना ती अंगणातून बघते. 'तू गेलीस का गं कधी?' मी विचारलं, तर म्हणाली, 'मी कशाला? म्हातारीचं काय काम तिथे?'

बस्स, ठरलं! या वेळी मिशन आत्या.

मुक्काम पोस्ट कशेळे

मुंबईहून पहाटे उठून निघायचं, एक्स्प्रेस-वेवर ट्रॅफिकमध्ये सापडायचं, अर्धमेलं होऊन गेटवर पोहोचायचं आणि रात्री तसंच परतायचं. आपल्या वयाला हे झेपतं. पण गाडीत सत्तरीला टेकलेले आईबाबा आणि सात वर्षांचा पुतण्या असेल तर असा दिवस दुपारीच संपतो. म्हणून आदल्या संध्याकाळी जवळ जाऊन राहणं हा प्लॅनिंगचा पहिला नियम. पार्कच्या आवारात हॉटेल आहे, खोपोली-कर्जत पट्ट्यात रिसॉर्ट्स आणि होम स्टे भरपूर आहेत. आमच्याकडे आत्याचं घर होतं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट कर्जत लोकल. स्टेशनवर उतरल्यावर बटाटावडा न खाता पुढे जाणं हा आमच्या घरात गुन्हा आहे. तिथून मुरबाडच्या रस्त्याला तेरा-चौदा किलोमीटरवर कशेळे. ट्रेकर मंडळींना हे नाव नवं नाही. आंबिवलीची लेणी, पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड, खांडसवरून भीमाशंकर, या सगळ्या वाटा कशेळ्यावरूनच फुटतात. भातखाचरांच्या मधलं गाव आणि रात्री दहानंतर अशी शांतता, की आपल्याच मोबाइलचा व्हायब्रेट मोड दचकवतो!

जेवणं झाल्यावर ओसरीवर मीटिंग भरली. आठ जण होतो. आई, बाबा, दादा, वहिनी, छोटे सरकार, एकोणीस वर्षांचा आत्येभाऊ, मी आणि 'मी घरीच बरी' म्हणणारी आत्या. आत्येभावाला फक्त नायट्रो हवी होती. छोट्या सरकारला डायनोसॉर हवा होता. बाबांना 'बघू काय ते' हवं होतं.

मी कागदावर तीन रकाने आखले. सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी, फक्त धाडसी लोकांच्या आणि फक्त लहानग्याच्या. आपण सगळे नेमकी इथेच चूक करतो. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळ्यात मोठ्या राइडपासून यादी सुरू करतो आणि घरच्यांना तिच्यामागे ओढतो. उलट करून बघा. पहिला रकाना आधी भरा. दिवसाचा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम या रकान्यातलाच ठेवा. मधल्या वेळात खुशाल फुटा दोन-तीन गटांत, पण जेवायला कुठे आणि किती वाजता भेटायचं ते आधी ठरवून.

मग दाराच्या चौकटीला उभं करून पुतण्याची उंची मोजली. हे घरीच करा, प्लीज! राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथे 'नाही' ऐकल्यावर जो भोंगा लागतो तो तासभर थांबत नाही. सीटवर खांद्याला आणि मांड्यांना पकडणारं कुलूप ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेलं असतं, लहान अंग त्यातून निसटू शकतं. एवढं समजावल्यावर स्वारी म्हणाली, 'म्हणजे मी छोटा नाहीये, खुर्ची मोठी आहे.' अगदी बरोबर!

फिल्मवाल्याचं पार्क

सकाळी नाक्यावरून ठरवलेली जीप, तांदळाची भाकरी पोटात, आणि कर्जत-पळसदरी करत आम्ही खोपोलीकडे निघालो. दीड तासाचा हिशेब धरला होता. गेट उघडण्याआधी अर्धा तास पोहोचा. पहिल्या तासात रांगा सगळ्यात लहान असतात, आणि त्या एका तासात जे होतं त्याला दुपारी दोन-अडीच तास लागतात.

हे पार्क एप्रिल 2013 मध्ये 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' या नावाने सुरू झालं. ते उभं करणारे मनमोहन शेट्टी मूळचे सिनेमावाले. फिल्म प्रोसेसिंगची अ‍ॅडलॅब्ज त्यांचीच आणि 2001 मध्ये वडाळ्याला सुरू झालेलं आयमॅक्सही. त्यामुळे इथे नुसते पाळणे नाहीत, प्रत्येक राइडला एक स्टोरी आहे. 1987 च्या 'मिस्टर इंडिया'वर एक राइड आहे, अलिबाबाच्या गुहेत चोरांवर नेम धरता येतो. 2014 मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, पुढे स्नो पार्क. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने सूत्रं हाती घेतली.

सुरुवात पहिल्या रकान्यातून, म्हणजे मिस्टर इंडियाने झाली. आई खूष, वहिनी खूष. आत्या? 'तुम्ही या जाऊन. एवढ्या पिशव्या घेऊन कसं बसणार?' आणि ती बाहेरच्या बाकावर बसली सुद्धा.

मला हसू आलं. पहिलीच तर वेळ आहे, पुढे बघू.

पुढेही तेच झालं. पुतण्याची टोपी, वहिनीची पर्स, दादाचा कॅमेरा, बाबांचा स्वेटर (मे महिना नव्हता म्हणून आईने घ्यायला लावलेला). एकेक करून सगळं तिच्या मांडीवर जमा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मागितलंही नव्हतं. फक्त हात आपोआप तिच्याकडे जात होते.

एकशे बत्तीस फुटांवरून

बाराच्या सुमाराला आत्येभाऊ आणि मी नायट्रोच्या रांगेत लागलो. नायट्रो म्हणजे इथली राजमाता! बॉलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने बनवलेला, 132 फूट उंचीचा फ्लोअरलेस कोस्टर. फ्लोअरलेस म्हणजे निघायच्या क्षणी पायाखालची फळीच सरकते आणि आपले पाय अधांतरी. पाच वेळा उलटं व्हायचं.

बाबाही आमच्या मागे आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. बाहेरचा सूचनांचा बोर्ड त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचला. हृदयविकार, पाठीचा त्रास, गरोदर महिला... मग 'गर्दी फार आहे रे' म्हणत मागे फिरले. रांगेत आमच्या पुढे जेमतेम वीस माणसं होती. मी काही बोलले नाही. पण तुम्ही प्लॅन करताना हे बोर्ड आदल्या रात्रीच वेबसाइटवर वाचा, म्हणजे कुणावर सगळ्यांसमोर गर्दीचं कारण सांगायची वेळ येणार नाही.

रांगेत शिरताना मी फोन आणि बॅग कुणाकडे दिली असेल? मिशन आत्याची प्रमुख मी, आणि माझाच हात सगळ्यात आधी तिच्याकडे गेला.

गाडी चढत चढत वर गेली. खाली डोंगर, हिरवळ, पार्क, सगळं खेळण्यासारखं. आणि बाकावर निळ्या साडीतला एक ठिपका, भोवती पिशव्या. पुढच्या क्षणी गाडी सुटली आणि मी जगातल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. पण उतरताना पाय थरथरत असले तरी डोक्यात तो निळा ठिपकाच होता. एस्सेलवर्ल्डच्या झाडाखाली होता, तोच.

बाकावरचा बाप

मासकॉमच्या कोर्समध्ये एक किस्सा ऐकला होता. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली मेरी-गो-राउंडवर आणि हा बाकावर एकटा. पोरांबरोबर आईबापांनाही मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथे आला असं तो सांगायचा. त्यातून 1955 मध्ये डिस्नेलँड उभं राहिलं आणि जगभरची थीम पार्क्स त्याच वाटेने गेली.

म्हणजे बघा, पिशव्या सांभाळत बसलेल्या माणसासाठीच हा सगळा खटाटोप सुरू झाला. आणि आम्ही सत्तर वर्षांनी आत्याला परत बाकावर नेऊन बसवलं!

जेवताना मी सगळ्यांसमोर कबुली दिली. दोन मिनिटं शांतता. मग दादा उठला आणि लॉकर घेऊन आला. हो, लॉकर! सकाळी गेटजवळ दिसले होते, पण 'उगाच पैसे कशाला' म्हणून कुणी घेतले नव्हते. एवढी तिकिटं काढली आणि लॉकरचे पैसे वाचवले, ते कुणाच्या जिवावर? सगळ्या पिशव्या आत गेल्या. आत्याच्या मांडीवर काहीच उरलं नाही. तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने पदर नीट केला. मग परत केला.

'आता चल.'

'पडले म्हणजे?'

'बेल्ट असतो. मी शेजारी आहे.'

'आय फॉर इंडिया' हे राइड म्हणण्यापेक्षा उडणारं थिएटर. खुर्च्यांची रांग उचलली जाते, पाय हवेत लोंबकळतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर देश आकाशातून दिसतो. उलटंपालटं काही नाही, म्हणूनच ते पहिल्या रकान्यात होतं. निघण्याआधी आत्याने चपला काढून खाली जोडीने ठेवल्या, देवळात ठेवतात तशा. खुर्ची वर गेली तसा तिने माझा दंड असा धरला, की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. पहिला मिनिटभर डोळे घट्ट मिटलेले. मग एक उघडला. मग दुसरा. मग दंडावरची पकड सैल झाली.

बाहेर आल्यावर काही बोलली नाही. चपला घातल्या, चार पावलं चालली आणि म्हणाली, 'त्या डायनोसॉरच्या होडीत पाणी किती उडतं?'

पुतण्याने उडीच मारली! राजासॉरसची होडी दोघांनी शेजारी बसून केली. राजासॉरस हे नाव बनावट नाही बरं का. हा खराखुरा भारतीय डायनोसॉर. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत त्याचे अवशेष मिळाले आणि 2003 मध्ये त्याचं बारसं झालं. दोघंही चिंब भिजून आली. बाबांचा स्वेटर अखेर कामी आला.

संध्याकाळी आमच्या यादीतल्या चार राइड्स राहून गेल्या. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. कशेळ्याच्या वाटेवर जीपमध्ये सगळे पेंगत होते. आत्या खिडकीपाशी जागी होती. अंगणात उतरल्यावर सवयीने पिशव्या घ्यायला वाकली, तर पुतण्याने सगळ्यात मोठी आधीच ओढली होती.

'राहू दे आत्याआजी, आज माझा टर्न आहे.'

घरी जाऊन मी फोटो चाळले. होडीच्या फोटोत आत्याचं तोंड उघडं आहे, डोळे मिटलेले आहेत आणि केस कपाळाला चिकटलेत. तिचा इतका वाईट फोटो आजवर निघाला नव्हता. फ्रेम करून कशेळ्याला पाठवलाय!

जाण्याआधी एवढं करा

* शक्य असेल तर रजा टाकून मधल्या वारी जा. शनिवार-रविवारच्या आणि सुट्टीच्या रांगा माणसाची परीक्षा बघतात.
* पार्कच्या वेळा, तिकिटं आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइड्स आदल्या दिवशी वेबसाइटवर तपासा.
* वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतील तर एका दिवसात दोन्हीचा हट्ट नको.
* बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. भरपेट नाश्ता करून निघा, औषधं मात्र जवळ ठेवा. जेवण बाराला किंवा अडीचनंतर घ्या, आणि जेवल्यावर लगेच कोस्टर नको!
* साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. मागे पट्टा असलेल्या चपला आणि एक कोरडा कपड्यांचा जोड हवाच.
* जोराच्या पावसात उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. पावसाळ्यात जात असाल तर बंदिस्त राइड्स जास्त धरून यादी करा.
* दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच पळू नका. कशेळ्याहून आंबिवलीची लेणी बघा. पायांत दम असेल तर कोथळीगड करा, सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या एकदा चढायलाच हव्यात.
* आणि लॉकर घ्या. सकाळीच!