पास क्लासचं ध्येय

महाडकर माणूस पळतो तो सावित्री आणि गांधारी फुगल्यावर, घरातलं सामान माळ्यावर चढवायला. हौस म्हणून पहाटे उठायचं आणि रस्त्याने धावत सुटायचं, हे आमच्या पिढीला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे माझ्या भाच्याने वयाच्या ४४ व्या वर्षी, "आत्या, यंदा मी साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळणार," असं जाहीर केलं तेव्हा घरातले निम्मे हसले आणि निम्मे घाबरले. मी घाबरणाऱ्यांत होते. घरच्या वाचकांना कारण माहीतच आहे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे याचे वडील, ४९ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. आदल्या दिवशीपर्यंत कसलीच तक्रार नव्हती.

आणि वर याचं ध्येय काय, तर दोन तासांत शर्यत पुरी करायची! का? तर कंपनीतला एक मित्र तेवढ्या वेळात करतो म्हणून. सूनबाईंचा मला फोन आला, "आत्या, तुम्हीच सांगा यांना. तुमचं ऐकतात."

आता मी जन्मात कधी शर्यत पळलेले नाही. ३४ वर्षं या भागातल्या शाळांत मराठी आणि इतिहास शिकवला. पण ध्येय ठरवणं हा विषय मास्तरांचाच की हो! दर जूनमध्ये मी दहावीच्या वर्गाला विचारायचे, "यंदा किती टक्के मिळवणार?" गेल्या वर्षी ४५ मिळवलेला मुलगाही छातीठोकपणे सांगायचा, "नव्वद!" मग मी त्याला म्हणायचे, "बाळा, गेल्या वेळचं प्रगतिपुस्तक घेऊन ये. आपण तिथून सुरुवात करू."

भाच्यालाही मी तेच म्हटलं. तुझं प्रगतिपुस्तक दाखव.

तो सहा महिने रायगडाच्या रस्त्याने, नात्याच्या दिशेने पळत होता. सपाटीवरचे १० किलोमीटर त्याला ७० मिनिटं लागत, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं. अर्धमॅरेथॉन असते २१.०९७५ किलोमीटरची. ती दोन तासांत संपवायची तर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटं ४१ सेकंद हवीत. तेही दुपटीहून जास्त अंतर, सलग! पीट रीगल नावाच्या एका अमेरिकन इंजिनियरने १९७७ साली एक सूत्र मांडलं होतं. अंतर दुप्पट झालं की वेळ बरोबर दुप्पट होत नाही, साधारण २.०८ पट होतो, कारण माणूस थकतो. नातवाने मला फोनवर हिशेब करून दिला. भाच्याचं उत्तर आलं २ तास ३४ मिनिटं, आणि तेही सपाट रस्त्यावर. साताऱ्याची शर्यत तर २०१२ पासून चालू आहे ती चढावासाठीच प्रसिद्ध आहे. पहिला निम्मा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने वर जायचं आणि मग त्याच रस्त्याने खाली यायचं. घाट म्हणजे काय हे पोलादपूरच्या माणसाला कुणी समजावायला नको. एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी.

कागदावरचे आकडे बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण आत्या, ध्येय मोठंच असावं ना?"

असावं. पण मोठं ध्येय आणि पहिलं ध्येय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याला फडेप्पा चौगुले यांची गोष्ट सांगितली. बेळगावचा हा धावपटू १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन जो छोटासा भारतीय संघ पाठवला, त्यात तो होता. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, आजच्यापेक्षाही लांब. परका देश, परकी हवा, पण हा गडी २ तास ५० मिनिटांत पोचला आणि १९ वा आला. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमाइनेन त्याच्यापुढे १८ मिनिटं होता. आता चौगुले हरला म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. पदकाच्या यादीत नसलेला हा माणूस शंभर वर्षांनंतरही आपल्याला आठवतो, कारण तो शेवटपर्यंत पोचला.

बारामतीच्या लता करे यांचंही उदाहरण लोक हमखास देतात. साठी उलटलेली बाई नऊवारीत, अनवाणी पळाली आणि नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी शर्यत जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. ऐकून डोळे भरून येतात, खरंच. पण त्यातून "जिद्द असली की सरावाची गरज नाही" असा धडा काढू नये. जन्मभर कष्ट केलेले पाय आणि कंपनीतल्या खुर्चीत वीस वर्षं बसलेले पाय यांत फरक असतोच.

मग आम्ही दोघांनी मिळून वहीच्या कागदावर तीन ध्येयं लिहिली, शाळेच्या भाषेत. पास क्लास : वेळेची पर्वा न करता, स्वतःच्या पायांनी, हसतमुखाने शर्यत पुरी करणं. सेकंड क्लास : तीन तासांच्या आत. फर्स्ट क्लास : पावणेतीन तासांच्या आत. आणि या तिन्हींच्या वर एक प्रवेश परीक्षा : डॉक्टरांकडे जाऊन वडिलांचा इतिहास सांगायचा, हृदयाची तपासणी करून घ्यायची आणि ते हो म्हणाले तरच पुढे जायचं. यावर तो थोडा रागावला. मी म्हटलं, "रागव. पण जाऊन ये." गेला. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट केली, पळायला परवानगी दिली, आणि रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. त्याला रक्तदाब आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तो कागद बघून सूनबाईंचे हात थरथरले होते.

पुढचे तीन महिने पावसाचे. आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. अशा दिवशी वेग आपोआप कमी होतो, त्याला आळस म्हणायचं नाही. त्याने एक नियम पाळला : पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटले तर वेग जास्त झाला. दर आठवड्याला अंतर थोडंथोडंच वाढवलं. रविवारी कशेडीच्या जुन्या घाटरस्त्याने चढायचा सराव केला. दमला की चालायचा. चालण्यात कमीपणा नाही हे मान्य करायलाच त्याला महिना लागला!

सप्टेंबरात आंबेनळीने महाबळेश्वर आणि तिथून सातारा असा तो आदल्या दिवशी गेला. शर्यतीनंतर फोन आला. "आत्या, सेकंड क्लास." २ तास ५६ मिनिटं. चढावर दोनदा चालला. कंपनीतला मित्र कधीच पुढे निघून गेला होता. "वाईट वाटलं का रे?" मी विचारलं. म्हणाला, "घाट चढताना वाटलं. उतरताना नाही."

माझं स्वतःचं ध्येय मी त्या कागदावर लिहिलं नव्हतं. ते वेळेचं नाही, वयाचं आहे. त्याने पन्नाशी ओलांडावी, भाऊ जिथे थांबला त्याच्या पुढे जावं. त्यासाठी अजून सहा वर्षं रोज सकाळी थोडंसं पळणं, गोळी न चुकवणं आणि दरवर्षी तपासणीला जाणं एवढं पुरे आहे. दोन तास नाही झाले तरी चालेल.

असो. लिहिता लिहिता लांबलं. तुमच्यापैकी कुणी पळत असेल तर पहिल्या शर्यतीला काय ठरवलं होतं आणि काय झालं, ते जरूर कळवा. भाच्याला वाचून दाखवीन. तो आता पुढच्या वर्षीच्या फर्स्ट क्लासच्या गोष्टी करतोय, आणि या वेळी प्रगतिपुस्तक स्वतःहून घेऊन आलाय.