डमडमचं मेण आणि आमची एमएच-११

पोस्टिंग बदललं की गाडीचा शत्रू बदलतो. जोधपूरला वाळू होती. कोरड्या फडक्याने बॉनेट पुसलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठायचे. जम्मूला मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नसे. आता डमडम. इथला शत्रू ओला आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कालबैशाखी येते, धूळ आणि पाला अंगावर फेकून पाऊस पाडून जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर गाडी वाळतच नाही. वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक पाऊस. कोकणातल्या वाचकांना त्याचं काही वाटणार नाही, पण आमची सातारची एमएच-११ जरा बिचकली.

क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही जेसोर रोडच्या आत एका गल्लीत भाड्याने राहतो. पार्किंग आंब्याच्या झाडाखाली. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा गोड चिकटा खाली गाडीवर पडतो. ज्यांच्या घरी हापूसची कलमं आहेत त्यांना हा चिकटा आणि त्यावर धरणारी काळी बुरशी ठाऊक आहे. त्यात पाखरांची शीट. शिटेतलं युरिक आम्ल दोन-तीन दिवस उन्हात राहिलं तर रंगात कायमचा डाग पडतो.

मार्चमध्ये मी फील्डवर जाणार. मुलीची दहावी संपली तरी अकरावीचा प्रवेश आणि बायकोची शाळेतली नोकरी यांमुळे दोघी इथेच राहतील. गाडी रोज बायको चालवणार. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अहो, वही-तपासणी, स्वयंपाक, सगळं सांभाळून मी दर रविवारी बॉनेट घासत बसणार नाही." मागणी रास्त होती. म्हणजे मला हवं होतं ते असं: एकदा लावलं की निदान पाच-सहा महिने टिकेल, आणि पुन्हा लावायची वेळ आली तर एकट्या माणसाला तासाभरात लावता येईल.

इथे काही मित्र हसतील. "सहायक कशाला आहे मग?" सहायकाने गाडी धुवायची नसते. तो सैनिक म्हणून भरती झालेला असतो, त्याच्याही घरी आई-वडील आहेत, त्यांनी पोराला बादली-फडकं घेऊन साहेबाच्या गाडीभोवती फिरायला पाठवलेलं नाही. माझी गाडी मी धुतो. त्यामुळे "सोपं" या शब्दाला माझ्याकडे खरी किंमत आहे.

आधी एक घोळ मिटवू. दुकानात पॉलिश आणि वॅक्स एकाच फळीवर असतात, पण कामं वेगळी. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ती रंगाचा वरचा थर खरवडून ओरखडे सपाट करते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. दर महिन्याला पॉलिश मारणारा माणूस हा थर स्वतःच्या हाताने संपवत असतो. वॅक्स काही काढत नाही. वर एक पातळ थर चढवतं आणि ऊन-पाणी-शीट यांचा मारा स्वतः झेलतं.

आता मेणाचे प्रकार. जुनं आणि खानदानी म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं. निसर्गातल्या मेणांत सर्वांत कठीण, वितळतं ८० अंशांच्या वर. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांतच पाघळतं. एनडीएत ज्यांनी बूट चमकवले त्यांनी हे मेण नकळत वापरलेलं आहे, कारण चांगल्या बूट पॉलिशमध्ये कार्नोबा असतं. खडकवासल्याला उस्ताद म्हणायचे, "कॅडेट, टो में अपना मुंह नज़र आना चाहिए." चिमूटभर पॉलिश, दोन थेंब पाणी, गोल गोल बोट, थरावर थर. चामड्याची छिद्रं भरत जातात, पृष्ठभाग आरशासारखा सपाट होतो. गाडीवरही तत्त्व तेच: थोडं लावायचं, पातळ लावायचं.

पण फौजी वाचकांना आठवेल, परेडच्या बुटाला चमक आणि फील्डच्या बुटाला डबिन. डबिन दिसायला काहीच नाही, पण पाणी आत येऊ देत नाही. कार्नोबा हा परेडचा बूट आहे. दिसतं सुंदर, टिकतं दीड-दोन महिने, डमडमच्या पावसात त्याहून कमी. आम्हाला डबिन हवं होतं.

दुसरं टोक म्हणजे सिरॅमिक कोटिंग. स्टुडिओत करून घेतलं तर काही वर्षं टिकतं. पण आधी सगळी गाडी घासून निर्दोष करावी लागते, खर्च हजारांत जातो, आणि शीट वेळेवर पुसावी लागते ती लागतेच. दहा वर्षांच्या गाडीला हा शालू मला पेलला नाही. मधला मार्ग म्हणजे सिंथेटिक सीलंट: द्रवरूप, पॉलिमरचं, लावायला सोपं, चार ते सहा महिने टिकणारं. वर पंधरवड्यातून एकदा, गाडी धुतल्यावर, सिलिकावालं स्प्रे वॅक्स. मी हेच निवडलं.

बाटलीवरच्या चमकदार गाड्यांच्या चित्रांना मात्र भुलू नका. चकाकीवर शंका घेण्याची परंपरा या डमडमचीच आहे. १८५३ पर्यंत इथे बंगाल आर्टिलरीचं मुख्यालय होतं. (शरीरात फुटून पसरणारी डमडम गोळीही १८९०च्या दशकात इथल्याच शस्त्रागारातली, १८९९च्या हेग परिषदेने तिच्यावर बंदी घातली.) जानेवारी १८५७ मध्ये इथे नव्या एनफिल्ड रायफलचं प्रशिक्षण चालू होतं. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला, त्याने नाकारला, आणि खलाशी म्हणाला की गाईडुकराच्या चरबीची काडतुसं दाताने तोडाल तेव्हा तुमची जात कुठे राहील? ही कहाणी आपण शाळेपासून ऐकतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण, मेण आणि तेल, स्वतः लावायची मुभा दिली. तोवर उशीर झाला होता. बराकपूरच्या शिपायांनी चौकशीत सांगितलं की आता कागदावरच संशय आहे. तो चकाकतो, आणि जाळला की चरबीचा वास येतो. वर काय लावलंय हे सांगणाऱ्यावर विश्वास उरला नाही, तर मेणही कामाचं नाही.

म्हणून चकाकी न पाहता पाणी पाहा. धुतलेल्या बॉनेटवर पाणी टपोऱ्या थेंबांत उभं राहिलं तर थर जिवंत आहे. चादरीसारखं पसरून बसलं तर संपला.

लावायची रीत थोडक्यात. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला, कोरडा. सावली, थंड पत्रा. दोन बादल्या: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर डिटेलिंगची क्ले ओली करून हलकी फिरवा. गाडी पूर्ण वाळली की एकेका भागावर सीलंट पातळ लावा, धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसा. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. त्या दिवशी गाडी पावसात नेऊ नका.

गेल्या रविवारी मुलीने अर्धी गाडी एकटीने केली. डावी बाजू माझी, उजवी तिची. नंतर तिने दोन्हीकडे पाणी मारून थेंब मोजायला बसवलं. उजवी बाजू सरस निघाली. पुढचा हात काली पूजेनंतर द्यायचा आहे. तेव्हा मी इथे नसेन, आणि आता त्याची मला काळजी नाही.

जय हिंद.