काचेच्या नळीसमोरची वीस मिनिटं

कोकणात लावणी सुरू झाली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरने आधी एक गोष्ट तपासायची असते. कोऱ्या, कोरड्या, काचेच्या नळ्या हाताशी आहेत ना? फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर दोन मिलिलिटर रक्त त्या नळीत घ्यायचं आणि नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच कलती करायची. रक्त थिजलं नसेल, ओघळत असेल, तर विषाने रक्ताची गोठायची ताकद संपवली आहे असं समजून प्रतिविष सुरू करायचं. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, घाई तर मुळीच चालत नाही. ताणात स्वतःला कसं सावरायचं हे मी जे काही शिकले, ते याच वीस मिनिटांत.

एक रात्र लख्ख आठवते. बांधावरचं गवत काढताना फुरसं चावलेले एक वयस्क शेतकरी आणि त्यांच्यामागे टेम्पोभर माणसं. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर आत बाळंतपणात गुंतलेले. त्यांनी तिथूनच रक्त घ्यायला सांगितलं. मुलगा माझ्या खांद्याशी उभा राहून एकच धोशा लावत होता, "सिस्टर, काय तां बेगीन करा हो!" माझ्या छातीतली धडधड मला कानात ऐकू येत होती आणि म्हाताऱ्या हातावर शीर सापडत नव्हती.

अशा वेळी मी श्वास सोडते. दीर्घ श्वास घ्या, असं सगळेच सांगतात. पण घाबरलेल्या माणसाचा श्वास वरच्या वर चाललेला असतो, त्याला आणखी हवा कोंबायला सांगून उपयोग होत नाही. हृदयाचे ठोके श्वास घेताना थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाला जास्त आवरते. म्हणून नाकाने श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास आणि मग तोंडाने संथ, लांब उच्छ्वास. 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वासोच्छ्वास करायला लावला, तेव्हा मन प्रसन्न होण्यात तो नुसत्या ध्यानापेक्षा सरस ठरला. भ्रामरी प्राणायामातला गुंजारवही उच्छ्वासावरच असतो, हे मला नव्याने जाणवलं. मला पाच मिनिटं कुठली मिळायला? दोन-तीन उच्छ्वास मिळतात. सुई धरलेला हात स्थिर व्हायला तेवढे पुरतात.

दुसरं म्हणजे मी मनातल्या मनात स्वतःशी बोलते, तेही दुसऱ्या कुणाला सांगावं तसं. "सिस्टर, तुला भीती वाटतेय. वाटू दे. आधी शीर." भीतीला भीती म्हटलं की तिचा गोंगाट कमी होतो. ती जात नाही, पण कामाच्या आड येत नाही. त्या रात्री शीर कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला सापडली.

नळी स्टँडमध्ये ठेवली आणि खरी कसोटी सुरू झाली, कारण आता माझ्या हातांना काम कमी आणि नातेवाइकांच्या नजरा माझ्यावर. सर्पदंशाच्या आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत प्रथमोपचाराचं पहिलं पाऊल रुग्णाला धीर देणं हेच आहे; पाय न हलवणं त्यानंतर येतं. पण धीर शब्दांनी फार थोडा पोचतो. "शांत व्हा, शांत व्हा" असं चढ्या आवाजात सांगणारे मी खूप पाहिलेत. त्याने खोलीतला कल्लोळ वाढतोच. मी आवाज मुद्दाम खाली आणते, वाक्यं तोडून बोलते, आणि ज्याची तगमग सगळ्यात जास्त त्याला काम देते. मुलाला म्हटलं, "दादा, या घड्याळाकडे बघत बसा. वीस मिनिटं झाली की मला सांगायचं. तोवर नळीला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही." तो नळीपाशी राखणीला बसला. इतका वेळ ओरडणारा माणूस दाराशी रेटणाऱ्यांना स्वतःच मागे सारू लागला.

वीस मिनिटांनी रक्त ओघळलं. तोवर डॉक्टर आले होते. प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाइनमधून सुरू केल्या, रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून उशाशी ठेवलं. सहा तासांनी पुन्हा नळी भरली, तेव्हा रक्त थिजलं. बाबा वाचले.

सकाळी चार्ज देऊन झाल्यावर मात्र माझे गुडघे थरथरू लागले. हे व्हायचंच. रात्रभर रोखून धरलेलं शरीर मोकळं होत असतं, त्याला अडवू नये. मी गार पाण्याने तोंड धुते, आवारात चार फेऱ्या मारते, सोबतच्या सिस्टरला रात्र सांगते. "नर्सने रडायचं नसतं" हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, आणि मला ते साफ अमान्य आहे. कामाच्या वेळी भावना आवरणं हे कसब आहे. काम संपल्यावरही त्या कोंडून ठेवल्या तर त्या झोपेत, घरच्यांवर, कुठेतरी निघतात. नव्या मुलींना मी श्वास आणि नळी दोन्ही शिकवते, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ड्युटीरूमच्या भिंतीवर लावून ठेवला आहे. प्रत्येक पाळीनंतर बसून बोलायला दहा मिनिटं ड्युटीतच धरली जावीत, ही मागणी मी दर बैठकीत मांडते. पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.