गवत वाढलंच नाही तर?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून सीसॅटचा पेपर आहे. ८० प्रश्न, २०० गुण. आता फक्त ३३ टक्क्यांची पात्रता लागते. जळगाव-धुळ्यात मी तर्कक्षमतेचे तास घेतो. आकडेमोडीला न घाबरणारी मुलं ‘विधान आणि गृहीतक’ आलं की अडखळतात, आणि त्यात हुशार मुलं जास्त.

रावेर-यावलच्या मुलांसाठी मी एक प्रश्न रचला आहे. ‘केळीच्या बागेभोवती गजराज गवत लावा, म्हणजे मे महिन्यातल्या गरम वाऱ्याने पानं फाटणार नाहीत.’ यात काय गृहीत धरलंय? पर्याय तीन: केळीला भरपूर पाणी लागतं, वारा अडवायला दुसरा उपाय नाही, मे येईपर्यंत गवत वारा अडवण्याइतकं उंच होईल.

बागायतदाराचा मुलगा पहिल्यावर खूण करतो. ‘सर, हे तर खरंच आहे ना!’ खरं आहेच. पण इथे खऱ्याखोट्याचा पंचनामा नाही. केळीला पाणी कमी लागत असतं, तरी गवताचा सल्ला जागेवरच राहिला असता. दुसरा पर्याय भारदस्त वाटतो म्हणून फसवतो. शेवरी लावूनही वारा अडतो, पण त्यामुळे गवत निरुपयोगी ठरत नाही. आता तिसरा नाकारून बघा. गवत मेपर्यंत गुडघ्याएवढंच राहिलं, तर सल्ल्यात उरलं काय? ज्याला नकार देताच युक्तिवाद बसतो, ते आवश्यक गृहीतक. कधी केळी न लावलेल्या धुळ्याच्या मुलीला हे पटकन दिसतं. शेतीची जाणकारी नडते ती अशी.

मात्र नकार बेताचा हवा. ‘सर्व’च्या विरुद्ध ‘एकही नाही’ असं धरलं, की कसोटीच बिघडते. ‘निदान एक तरी नाही’ एवढंच म्हणायचं.

दुसरी गल्लत जुनी आहे. मीमांसकांनी अर्थापत्तीसाठी देवदत्ताचं उदाहरण दिलं: तो दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे, म्हणजे रात्री जेवत असणार. नैयायिक म्हणाले, हे वेगळं प्रमाण कशाला, अनुमानच आहे. तो वाद पंडितांना लखलाभ. मी वर्गात विचारतो, गृहीतक कोणतं? बहुतेकांचं उत्तर: ‘रात्री जेवतो.’ तो तर निष्कर्ष झाला! न बोललेली गोष्ट वेगळीच आहे: न खाता कुणी असं धष्टपुष्ट राहत नाही. ती इतकी उघड आहे की सांगायची कुणाला गरज वाटत नाही, म्हणून पर्यायांत दिसली तरी मुलं तिला हात लावत नाहीत. त्यांना काहीतरी खोल हवं असतं. मला वाटतं, गाईडांनी लावलेली ही खोड आहे. त्यांत प्रत्येक प्रश्नाला ‘ट्रिक’ असते.

म्हणून मी एक अगदी मिळमिळीत विधान देतो: ‘जळगावहून रेल्वेनेच धुळ्याला जायचंय? मग चाळीसगावला उतरून गाडी बदला.’ मुलं लिहितात, रेल्वे एसटीपेक्षा स्वस्त आहे, रेल्वेचा प्रवास सुखाचा आहे. चाळीसगावहून धुळ्याला गाडी सुटते, हे लिहायला मात्र त्यांना संकोच वाटतो.